पोटाचं ठिगळ

“सुई दे हिकडं.”

गोदाक्कानं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग हाताकडं, आणि सुई गुपचूप आपल्या पदरात खोवली.

“दे म्हणते ना!”

“केवळा, काल पट्टी सुटलीया तुझी. कातडं अजून लाल हाय. सुई काय पळून चाललीय व्हय?”

“सुई न्हाई पळत. दिस पळत्यात. आखितीला ती माणसं येणार. तुला काय, तुझी नात तुझ्याच वसरीत खेळतीय.”

बोलू नये ते बोलून गेले. पण मी पहिल्यापासूनच तोंडाळ, आणि शेजारच्या गोदाक्काला त्याची सवय होती. तिनं सुई काढून दिली. मी ती डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं कापड चिमटीत धरायला गेले, आणि चिमूट झालीच नाही. अंगठा जागेवर होता. त्याच्या शेजारची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली होती. कापड सुटलं आणि सुई माझ्याच मांडीत घुसली.

“बघ,” गोदाक्का म्हणाली.

“तू बघ. मला दिसतंय.”

आमचं गाव मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातलं. जोंधळा आणि कडबा, त्यापलीकडं फारसं काही नाही. गोधड्या मात्र घरोघरी, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या. बायका जुनी लुगडी, धोतरं गाठोड्यात बांधून आणून टाकायच्या, “सवडीनं कर गं” म्हणायच्या, आणि दोन दिवसांनी “झाली का?” म्हणून दारात उभ्या. मला राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. टाका बघून लोक सांगायचे, ही केवळाची गोधडी. शाळा मी पाहिली नाही, रूप बेताचं, पण हात होता. त्या हाताचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

ही गोधडी मात्र कुणाच्या गाठोड्यातली नव्हती. ही माझ्या मालनच्या साड्यांची होती. मालन माझी एकुलती एक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, पोरगी झाली, आणि बारशाच्या आधीच मालन तापानं गेली. नाव ठेवलं आम्हीच, तेजू. जावई दिगंबर इचलकरंजीला मागावर कामाला. एकट्या बाप्यानं तान्हं लेकरू कसं सांभाळायचं? पोरगी माझ्याजवळ राहिली. शेळीच्या दुधावर वाढली, माझ्या कुशीत झोपली, बोलायला लागली तेव्हा मला ‘आई’ म्हणाली. मी म्हणायचे, “आई न्हाई गं, आजी.” आणि तिनं ते शिकू नये असंही मला वाटायचं.

मग दिगंबरनं दुसरं लग्न केलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. तरणा माणूस, किती दिवस तसा राहील? आखितीच्या सणाला येऊन पोरीला घेऊन जातो, असा निरोप आला. आमचे मालक ऐकून गोठ्यात निघून गेले. मी मालनची पेटी उघडली.

साड्या मोजक्याच होत्या. हळदीची पिवळी, नेसून विटलेल्या दोन, आणि डोहाळजेवणाची हिरवी. ती हिरवी तिनं एकदाच नेसली होती, तेव्हा तेजू तिच्या पोटात होती. पोरीला आईचा चेहरा आठवणार नव्हता. फोटो होता तो लग्नातला, मुंडावळ्यांत तोंड निम्मं झाकलेलं. निदान आईच्या साडीत तरी झोपू दे तिला, असं मी ठरवलं.

आमच्याकडं लेकराच्या गोधडीची एक रीत आहे. गोधडी कडेनं शिवत शिवत मध्याकडं यायचं. मध्यावर तळहाताएवढं एक ठिगळ सगळ्यात शेवटी बसवायचं, आणि ते बसवण्याआधी त्याखाली जोंधळ्याचे चार दाणे ठेवायचे. त्याला गोधडीचं पोट भरणं म्हणतात. उपाशी गोधडी लेकराला झोप लागू देत नाही, असं मानतात. आणि पोट उघडं असलेली गोधडी घराचा उंबरा ओलांडत नाही. बाकीचे टाके कुणीही घालावेत, जावेनं, शेजारणीनं. पण पोटाचं ठिगळ लेकराच्या आईनं लावायचं. आई नसली तर आईच्या आईनं. दुसऱ्या कुणी लावलं, तर लेकरू त्या हाताचं झालं.

आता ऐकणाऱ्याला हसू येईल. येऊ दे. मला तेव्हा आलं नव्हतं.

थर लावून झाले होते, कडेच्या दोन रांगाही घालून झाल्या होत्या, तेव्हा तो दिवस आला. मालक कुट्टीचं चाक फिरवत होते, मी कडबा सारत होते. तेजू वसरीत गोणपाटावर बसवलेली. ती उठली आणि दुडूदुडू आमच्याकडंच निघाली. मी मान वळवली. “आगं, थांब तिथंच!” असं ओरडले एवढं आठवतं. चाक थांबवायला मालकांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात व्हायचं ते झालं. पोरगी वाचली म्हणावं, तर ती अजून चाकापासून लांबच होती.

तालुक्याच्या डॉक्टरांनी जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. अंगठा राहिला. शेवटची दोन बोटं राहिली, पण तळहाताकडं वळून बसली आणि बधिर झाली. विस्तव ठेवला असता तरी कळलं नसतं. “रोज तेल लावून दुसऱ्या हातानं ती उघडत जा, मावशी,” डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, “सुई कधी धरता येईल?” त्यांनी दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

भाकरी थापता येईना. वेणी घालता येईना. चोळीची गाठ मारता येईना, ती मालक मारायचे, मान दुसरीकडं करून. हे सगळं मी सोसलं. पण बायका आपापली गाठोडी परत न्यायला यायला लागल्या, ते सोसवेना. बिचाऱ्या हळू आवाजात बोलायच्या. “घाई न्हाई, पण आमच्या नणंदेला येतंय शिवायला.” मी म्हणायचे, “ने की, ने. मला काय करायच्यात तुमच्या चिंध्या?” आणि त्या गेल्या की दार लावून घ्यायचे.

मालनची गोधडी गोदाक्कानं पुढं नेली. रोज दुपारी येऊन बसायची. तिचे टाके बैलाच्या पावलांसारखे लांब लांब.

“एवढ्या अंतरातनं मांजर जाईल,” मी म्हणायचे.

“मग घाल की तू.”

“हात असता तर तुला कशाला बसवलं असतं गं, भवाने?”

ती हसायची आणि शिवत राहायची. मी शेजारी बसून बघायचे. दुसऱ्याच्या हातानं आपली गोधडी पुढं सरकताना बघणं फार वाईट. हात आपोआप हलायचा माझा. नसलेली बोटं हलायची.

मध्यावरचं ठिगळ मी राखून ठेवलं. हिरव्या साडीच्या पदराचा तुकडा, बारीक सोनेरी बुट्ट्यांचा. “एवढं मी लावणार,” मी गोदाक्काला सांगितलं. “दात वापरीन, पाय वापरीन. पण मी लावणार.”

मालक रानात जायच्या आधी उजेडाला बसून सुया ओवून ठेवायचे. त्यांना जवळचं धड दिसत नव्हतं. दोरा ओला करायचे, पुन्हा पुन्हा चुकायचे. ओवलेल्या सुया खुंटीवरच्या त्यांच्या जुन्या सदऱ्याच्या बाहीत रांगेनं टोचून ठेवायचे. कुट्टीचं यंत्र त्यांनी गोठ्यामागं नेऊन पालथं घातलं होतं. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नाही. चाक त्यांच्या हातात होतं, एवढंच ते मनाशी धरून बसले होते. ते मला कळत होतं.

आधी मी गोणपाटाच्या तुकड्यावर शिकले. कापड गुडघ्याखाली दाबायचं, एक टोक दातात धरायचं, डाव्या हातानं सुई घालायची. सुई आत जायची, पण खालनं कुठून बाहेर येईल त्याचा नेम नसे. टाका एक लांब, एक तिरका, एक सुटलेला. एकदा मालक म्हणाले, “मी धरतो, तू टोच.” त्यांनी दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं आणि पहिलीच सुई मी त्यांच्या अंगठ्यात घातली. ते “हां” म्हणाले फक्त.

“लागलं?”

“न्हाई.”

“रगात आलंय की!”

“आलं तर आलं. घाल पुढं.”

मी सुई फेकून दिली. त्यांनी ती शोधून आणली, पुसली, आणि पुन्हा बाहीत टोचली.

आखिती जवळ आली तेव्हा ठिगळ एका बाजूनं कसंबसं चिकटलं होतं. ते टाके पाहून मलाच शरम वाटायची. बाकी तीन बाजू मोकळ्या, वारा आला की फडफडायच्या. मी पहाटे उठायचे, तेजू उठायच्या आधी बसायचे. एक टाका घालायचे, तो ढिला पडायचा, उसवायचे. मालन, थांब गं, लावते मी, असं मनात म्हणायचे. ती कुठं थांबायची राहिली होती?

सणाच्या दिवशी उन्हं तापायच्या आत जीप आली. दिगंबर उतरला, पाया पडला. “मामी, हात कसा हाय?” त्यानं विचारलं, आणि हाताकडं बघून नजर वळवली. त्याच्यामागून ती उतरली. उज्ज्वला. कऱ्हाडकडची. किरकोळ अंगाची, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी. ती वाईट असायला हवी होती मला. मोठ्या आवाजाची, नटवी, पोरीकडं नाक मुरडणारी. तशी नव्हती मेली. तिनं तेजूला एकदम उचललं नाही. लांब बसली आणि पिशवीतनं लाकडी चिमणी काढून जमिनीवर ठेवली. पोरगी आपणच तिच्याकडं गेली.

पुरणपोळी गोदाक्कानं केली, आमरसही तिनंच. पाव्हण्यांनी खाल्लं. मी नुसतंच ताट चिवडलं. गल्लीतल्या बायका पोरीला बघायला जमल्या. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला.

मी गोधडी आणून वसरीत पसरली. पिवळ्यावर हिरवं. बायका पुढं सरकल्या. सगळ्यांना मालनच्या साड्या ओळखू आल्या, आणि ठिगळ सुटं आहे हेही दिसलं. मी गुडघ्याखाली कापड दाबलं. सुई घेतली. एवढ्या डोळ्यांसमोर तरी हात ऐकेल असं मला का वाटलं, देव जाणे. सुई आत गेली, वर आलीच नाही. पुन्हा घातली. दातात धरलेलं टोक लाळेनं ओलं झालं. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी हुंदका दिला, आणि मला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

“मामी,” दिगंबर हळूच म्हणाला, “राहू द्या. आमच्याकडं ब्लँकेट हाय की. पुन्हा कधी न्हेऊ ही.”

पुन्हा कधी! पुन्हा कुणी काही नेत नाही. मला ठाऊक होतं.

तेवढ्यात ती माझ्याशेजारी येऊन टेकली. “मावशी, मी टाचून देऊ का एवढं? मला येतं.”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तिला बिचारीला काय माहीत? कऱ्हाडकडं ही रीत नाही. तिला फक्त एक सुटलेलं ठिगळ दिसत होतं आणि एका म्हातारीचा तुटका हात दिसत होता.

“आगं तसं नसतं, बाई...” गोदाक्कानं तोंड उघडलं.

“गोदे, गप बस,” मी म्हटलं.

मी तेजूकडं बघितलं. ती त्या लाकडी चिमणीला गोधडीवरून चालवत होती, बरोबर हिरव्या ठिगळावरून. गोधडी ठेवून घेतली, तर पोरीबरोबर मालनचं एक सूतसुद्धा जाणार नाही. हिच्या हातात सुई दिली, तर पोरगी हिची झाली. मालन गेली तेव्हा मी ओरडून रडले होते. या वेळी रडूही येईना.

“लाव बाई,” मी म्हटलं. “पर थांब. आधी पोट भरू दे तिचं.”

गोदाक्का कणगीकडं गेली आणि जोंधळ्याची चिमूट घेऊन आली. माझ्या डाव्या हातात ठिगळाचं टोक उचललेलं होतं, म्हणून तिनं दाणे उजव्या तळव्यात घातले. तो हात मी हिरव्या कापडाखाली सारला, बोटं उघडली, आणि बाहेर काढला. मालनच्या आईनं एवढं तरी केलं, असं मनाला बजावलं. मग बाजूला सरकले.

उज्ज्वलानं सुई घेतली. टाके बारीक, एका ओळीत, झरझर. कापड हातात कसं फिरवायचं ते तिला ठाऊक होतं. माझे जुने टाके होते ना, तसेच. एक कड झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. माझी वेडीवाकडी बाजू तिनं उसवली नाही. तिच्यावरून फक्त एक ओळ फिरवली, आणि दोरा दातानं तोडला.

“झालं,” ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून हसली. “सुंदर आहे हो गोधडी.”

त्याच गोधडीत तिनं तेजूला घेतलं. जीपपर्यंत पोरगी खूश होती. गाडी सुरू झाली, मी आत बसत नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं दोन्ही हात बाहेर काढले. “आई! आई!” असं माझ्याकडं बघून ओरडायला लागली. उज्ज्वला तिला छातीशी धरून म्हणत होती, “हो गं सोन्या, आहे मी, आहे.” धुरळा उडाला. तो खाली बसेपर्यंत बायका थांबल्या, मग एकेक करून घरी गेल्या.

मी उंबऱ्यावर बसून राहिले. गोदाक्कानं भांडी आवरली. मालक तेलाची वाटी घेऊन आले.

“आता कशाला?” मी म्हटलं.

“रोजचं हाय. द्या हिकडं हात.” ते मला कधी ‘द्या’ म्हणत नसत. त्या दिवशी म्हणाले.

त्यांनी माझा हात मांडीवर घेतला. वळलेली बोटं एकेक करून उघडायला लागले, रोजच्यासारखी, हळू. पहिलं उघडलं. दुसरं उघडलं. आणि तसेच थांबले.

“हे काय?”

मी बघितलं. दाणे होते. जोंधळ्याचे, सगळेच्या सगळे, घामानं तळव्याला चिकटलेले. बोटांखाली त्यांचे वळ उमटले होते.

मी उघडला होता हात. मी माझ्या बाजूनं उघडला होता. हाताला ते कळलंच नव्हतं, आणि हातानं मलाही कळू दिलं नव्हतं.

मालक उठले, तसेच अनवाणी फाट्याकडं निघाले. चार ढांगा टाकून थांबले. जीप एव्हाना सांगोला ओलांडून गेली असेल. ते परत आले आणि माझ्या शेजारी बसले.

“दाणेच हायत,” ते म्हणाले. “काय हुतंय तेवढ्यानं?”

“काय न्हाई हुत,” मी म्हटलं.

गोदाक्का पदराला हात पुशीत बाहेर आली. तिनं माझा तळवा बघितला आणि मान वळवून आत कणगीकडं बघितलं. त्यानंतर माझ्या घरात सुई आली नाही. बाहीतल्या सुया मालकांनी कधी काढल्या, मला माहीत नाही. आता मालकही नाहीत, गोदाक्काही नाही.

तेजू मोठी झाली. उज्ज्वलानं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. शिकून पुण्याला नोकरीला लागली. आठवड्याला फोन करते. मी पहिलं विचारते, “झोप लागती का गं?”

“आजी, तुझं कायम तेच,” ती हसते. “बाकीच्यांच्या आज्या जेवलीस का विचारतात.”

“सांग की. लागती का?”

इतकी वर्षं ती हसून विषय बदलायची. परवा हसली नाही. दमली असेल. म्हणाली, “नाही गं लागत. लहानपणापासूनच नाही. आई सांगते, मी रात्र रात्र टक्क जागी असायचे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. सवय झाली आता.”

मी फोन डाव्या हातात धरला होता. नजर उजव्या तळव्यावर गेली.

“आजी? आहेस ना?”

“हाय. तेजू, आगं, ती गोधडी घ्यायची सोड बरं. जुनी झाली ती. दुसरं कायतरी घे अंगावर.”

“काहीतरीच काय, आजी? तू केलेली आहे ना ती? मालनआईच्या साड्यांची. तीच घेते मी रोज,” ती म्हणाली. “डोक्यावरून घेते आणि वाट बघत पडते.”